वाटीभर तेल आणि पहिला छर्रा

लोखंड दिसलं की मी त्याला तेल घालतो. यात लपवण्यासारखं काही नाही. ओतूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि आसपासच्या निम्म्या विहिरींवरच्या मोटरी माझ्या हाताखालून गेलेल्या आहेत (उरलेल्या निम्म्या अजून जळायच्या आहेत). दिवसभर दुकानात बेअरिंगची सेवा करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, झोपाळ्याच्या कड्या यांची विचारपूस करायची, असा माझा क्रम. एकदा वडील "गुडघं लई वाजत्यात रे" म्हणाले, तेव्हा माझा हात नकळत तेलाच्या बुदलीकडे गेला होता. वडिलांनी ते पाहिलं आणि त्यानंतर गुडघ्यांची तक्रार केली नाही.

या सवयीपायी गेल्या दसऱ्याला माझ्या मुलीचं जे नुकसान झालं, ते मी पाहुण्यारावळ्यांत कायम हसण्यावारी नेत आलो. आज नीट सांगतो.

मुलगी प्राजक्ता. घरात प्राजू. तेव्हा बारावीला होती. तिच्या मामाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, स्वतःची जुनी एअर रायफल तिला दिली. पाठीच्या दुखण्याने त्याचं शूटिंग सुटलं होतं. स्प्रिंगवर चालणारी, बाजूचा दांडा ओढून भरायची, वजनाला चांगली भारी रायफल! मामा कळंबचा, आणि कळंबलाच एका रिकाम्या कांद्याच्या वखारीत जगताप सर मुलामुलींना नेमबाजी शिकवतात. सर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचलेली नाही. दोन वर्षं दर शनिवार-रविवारी प्राजू पहाटेची एसटी धरून ओतूरहून कळंबला जात होती. दिवाळीतसुद्धा खाडा नाही.

या पोरीने एक वही केली होती. तारीख, हवा, रायफलीची नळी साफ की मुरलेली आणि पहिला छर्रा कुठे बसला, एवढंच त्यात. मला त्या वहीची गंमत वाटायची.

"पप्पा, सगळ्यात अवघड छर्रा कंचा?" तिने एकदा मला विचारलं.

"शेवटचा. निकाल त्याच्यावर असतो." मी टीव्हीवर क्रिकेट पाहणारा माणूस, दुसरं काय सांगणार?

"न्हाई. पहिला. नळी साफ केली ना, की पहिला छर्रा भलतीकडंच जातो. मंग आठ-धा छर्रे मारले की शिशाचा पातळ थर आत बसतो, नळी मुरती, अन् मंग सगळे एका जागी जात्यात."

"म्हंजे घाण असली की नेम चांगला?"

"घाण न्हाई, पप्पा. आईचा बिडाचा तवा बघा. त्यो घासून लख्ख केला तर पहिलं धिरडं निघतं का?"

हा दाखला तिने मुद्दाम निवडला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, खूश करावं म्हणून तिचा बिडाचा तवा वाळू आणि साबण लावून असा घासला होता की त्यात तोंड दिसत होतं. पुढचे चार दिवस माझं तोंड मात्र तिने पाहिलं नाही. एवढा अनुभव पदरी असताना मला नळीचं गणित कळायला हवं होतं. कळलंही. पण कळणं डोक्यात असतं आणि तेल हातात.

आता मुख्य गोष्ट. जिल्ह्याच्या स्पर्धेला सरांच्या वखारीतून चार मुली जाणार होत्या. तीन ठरल्या. चौथ्या जागेसाठी आमची प्राजू आणि लोणीची ऋतुजा, दोघींचे गुण अगदी सारखे! सरांनी दोघींना समोर उभं केलं आणि सांगितलं, "दसऱ्याला सकाळी आठ वाजता. एकेक छर्रा. सराव न्हाई. रायफल घरनं जशी आणाल तशी, इथं पुसापुशी चालायची न्हाई. फौजेत दुश्मन सरावाला येळ देत नव्हता."

ऋतुजाचा चेहरा उतरला. प्राजूचा उजळला. पहिल्या छऱ्याचा अभ्यास त्या वखारीत दुसऱ्या कोणीच केला नव्हता. दोन वर्षांची वही त्या एका छऱ्यासाठीच लिहिल्यासारखी झाली होती. घरी आल्यावर ती जेवताना हसत होती, आणि ती जेवताना सहसा बोलतसुद्धा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा, कारण या दिवशी हत्यारांची पूजा. पकडी, पाने, हातोड्या, वाइंडिंगचं मशीन, विळा, कोयता, मोटरसायकल, सगळ्यांना आंघोळ घालायची, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायचं. घरातलं हत्यार म्हणून प्राजूची रायफलही पाटावर आली. ती स्वतःच घेऊन आली.

"पप्पा, फूल वाहा, कुंकू लावा, नारळ फोडा. पण नळीत काय घालू नका. अन् पुसू बी नका. काल बारा छर्रे मारून मी तशीच ठेवलीय. मुद्दाम."

"बरं."

"बरं न्हाई. हो म्हणा."

"हो."

(मी हो म्हणालो होतो. हे मला स्पष्ट आठवतं.)

ती झेंडू आणायला बाजारात गेली. सुनंदा स्वयंपाकघरात होती. मी आणि हत्यारं, एवढेच ओसरीवर उरलो. एकेक वस्तू लख्ख करून पाटावर मांडत गेलो. शेवटी रायफल. ती रिकामी असल्याची खात्री केली, दांडा ओढून आतली बाजू उघडी केली आणि उजेडाकडे धरून सहज नळीतून पाहिलं. सहजच हं! आतून करडी. मळकी. वर्षाच्या सणाला, देवाच्या पाटावर, सगळ्या हत्यारांत माझ्या लेकीचं एकटं हत्यार आतून पारोसं! "नळीत काय घालू नका" म्हणाली होती, ते खरं. पण तेल म्हणजे 'काय' थोडंच? 'काय' म्हणजे कचरा, माती, काडी वगैरे.

मशीनचं काळं तेल सणाच्या दिवशी बरं दिसेना. आत समईसाठी सुनंदाने वाटी भरून ठेवली होती, लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल. शुद्ध! मी नरसाळं लावलं. सुरुवात थेंबांनीच केली होती. पण थेंब गेल्यासारखे वाटेनात, म्हणून जरा धार धरली. धार छान उतरली. आवाजसुद्धा छान आला. मग गजाला फडकं गुंडाळून नळी ओढली, तर काळंकुट्ट शिसं बाहेर आलं. बारा छऱ्यांची मुरवण! ती पाहून मला जे समाधान झालं, ते मी आता कबूल करायला लाजतो. दांडा जागच्या जागी बसवला. त्याच झपाट्यात तिची फेल्टं, म्हणजे नळी पुसायची लोकरीची बोंडं, आणि रायफलची पिशवीही साबणाने धुऊन दोरीवर टाकली.

"अवं," सुनंदा आतून ओरडली, "समईचं वाटीभर तेल गेलं कुठं?"

"समईनं प्यालं असंल!"

"समई अजून लावली न्हाई!"

"मंग मांजर असंल."

आमच्याकडे मांजर नाही. पण सणाची घाई होती, म्हणून ते तिथेच राहिलं.

दसऱ्याला सकाळी लवकर मी मोटरसायकल काढली. पिशवी ओली, म्हणून रायफल चादरीत गुंडाळली होती.

"पिशवी का धुतली?" प्राजूने विचारलं.

"सण हाय."

"रायफलला हात लावला न्हाई ना?"

"कुंकू लावलं." हे शंभर टक्के खरं होतं. माणूस खोटं बोलत नसताना किती खोटं बोलू शकतो, हे मला नारायणगाव येईपर्यंत पाठीला जाणवत होतं. मागे बसलेली पोर आनंदाने गाणं गुणगुणत होती.

वखारीत सरांनी स्वतः झेंडूचं तोरण लावलं होतं, निशाणाच्या चौकटीवर, कागदाच्या बरोबर वर. मामा आला होता. ऋतुजा आणि तिचे वडील आले होते. चिठ्ठी टाकली, पहिला मान प्राजूचा. ती जागेवर गेली, दांडा ओढला, छर्रा बसवायला बोट पुढे नेलं आणि थांबली. बोट नाकाजवळ नेलं. मग रायफल उघडीच टेबलावर ठेवून सरळ दोरीपाशी आली, जिथे आम्ही पालक उभे होतो.

"पप्पा. तेल?"

"थोडंसं."

"किती?"

मी मामाकडे पाहिलं. मामा माझ्याकडे पाहत होता. ऋतुजाचे वडीलसुद्धा पाहत होते.

"पप्पा, ओरडत न्हाई मी. मामानं पावसाळ्यात गंज नको म्हणून दोन थेंब घालायला सांगितलं व्हतं. तेल आत पेटतं अन् छर्रा वर चढतो; दोन थेंबांला किती वर ते वहीत हाय. तेवढं खाली धरीन मी. फकस्त खरं सांगा. दोन थेंब का जास्त?"

त्या क्षणी मला वाटीही आठवली आणि नरसाळंही आठवलं. धारेचा आवाजसुद्धा आठवला. पण मेहुण्यासमोर, परक्या माणसासमोर, आपण मुलीच्या रायफलीत वाटी उपडी केली हे तोंडातून निघेना.

"दोन," मी म्हणालो.

"नक्की?"

"दोनच."

"बरं." तिने वही उघडली, एक पान पाहिलं, बंद केली. परत जाताना माझ्याकडे पाहून किंचित हसलीसुद्धा, काळजी करू नका अशा अर्थाने. ते हसू मी विसरलेलो नाही.

तिने रायफल खांद्याला लावली. श्वास सोडला. थोडं खाली धरलं. दोन थेंबांचं खाली.

एअर रायफल कशी वाजते? टप्. ही वाजली ढाम्! नळीतून पांढरा धूर निघाला. छताच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. ऋतुजाच्या वडिलांनी माझा दंड धरला (आमची ओळखही नव्हती). आणि निशाणावर, कागदाच्या वर टीचभर, झेंडूचं तोरण मध्येच तुटलं आणि सावकाश, एक टोक चौकटीला धरून, खाली लोंबकळलं. कागद कोरा होता. त्याला काहीच झालं नव्हतं.

धुराबरोबर वास पसरला. खमंग. कढई नुकतीच तापली आहे आणि आता कोणीतरी भजी सोडणार, असा.

"बाहेर कोण तळतंय का?" सरांनी विचारलं. सर कागदापाशी गेले, वाकून पाहिलं, मागून पाहिलं, तोरण उचलून चौकटीवर टाकलं. "शून्य," ते म्हणाले.

मग ऋतुजा आली. तिचा छर्रा दहापैकी आठवर बसला. तिने आनंदाने उडी मारली नाही. ती प्राजूकडेच पाहत होती.

"प्राजक्ता, काय झालं?" सरांनी विचारलं.

"माझी चूक, सर. नळी तपासून आणायला पायजे व्हती."

मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी दोरीच्या गाठीकडे पाहत राहिलो. गाठ चांगली होती.

येताना नारायणगावला चहाला थांबलो. ती वही चाळत चहा पीत होती. रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. शेवटी मीच म्हणालो, "प्राजू, दोन थेंब नव्हते."

"आवाजावरनंच कळलं."

"चमचाभर व्हतं."

तिने कप खाली ठेवला. "पप्पा, तेलाचं काय न्हाई. तेल कळलं की त्याचं काहीतरी करता येतं. चमचाभर म्हणाला असता, तर अजून लई खाली धरलं असतं, कागदावर तरी बसला असता. तुमी दोन म्हणालात, म्हणून मी दोनला धरलं. मी तुमच्यावर नेम धरला व्हता."

मला लाज वाटली. चहा तसाच राहिला.

घरी सुनंदाने सणाचं ताट वाढलं. सगळी हकिगत ऐकली आणि वरणाचा डाव हातात तसाच धरून माझ्याकडे वळली. "आत्ता समजलं समईची वाटी कुठं गेली ती! वाटीभर तेल व्हतं माझं!"

प्राजूचा घास हातातच राहिला. "वाटीभर? पप्पा, चमचा म्हणालात."

मी ताटातल्या मिठाकडे पाहत होतो. प्राजू उठली, हात धुतले, वही आणि पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आता सांगा. वाटी कंची? आमटीची का चटणीची?"

"आमटीची."

"भरलेली?"

"काठोकाठ न्हाई."

"पप्पा!"

"काठोकाठ."

तिने लिहून घेतलं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. मला वाटलं, आता रडणार. ती आधी हसली आणि मग रडली, आणि सुनंदाने तिला जवळ घेतलं. मी जिथे होतो तिथेच बसून होतो. संध्याकाळी तिने रीतीप्रमाणे आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं, पाया पडली. मी म्हणालो, "चुकलो गं मी." बाप म्हणून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन.

पुढच्या रविवारी तिच्याबरोबर कळंबला गेलो आणि सगळ्यांसमोर सरांना सांगितलं. "सर, तिची चूक नव्हती. तेल मी घातलं. दोन थेंब म्हणालो, ते पण खोटं. वाटीभर व्हतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "शेंगदाण्याचं?"

"घाण्याचं."

"तरीच," सर म्हणाले. "पण निकाल बदलायचा न्हाई. रायफल जशी आणली तशी."

"बरोबर हाय, सर," प्राजू म्हणाली, माझ्या आधी.

ऋतुजा जिल्ह्याला जाऊन आली. मामाने रायफल खोलून आतून कोरडी करून दिली, तरी नळी पुन्हा मुरायला दिवाळी उलटून गेली. प्राजू दर रविवारी वखारीत गेल्या गेल्या पहिला छर्रा मारायची आणि तो कुठे बसला हे मी लिहायचो. लिहायचं काम मीच मागून घेतलं होतं. पहिले काही रविवार छर्रे कागदभर हिंडत होते. मग हळूहळू काळ्या गोलात आले, मग गोलाच्या मध्याकडे सरकले. ते सरकताना पाहिलं आणि नळी मुरते म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने समजलं. तव्याचंही समजलं. त्यासाठी सुनंदाची माफी वीस वर्षांनी मागितली. ती म्हणाली, "आदी बाजरीचं पोतं उचला, मंग बघू."

यंदा पुन्हा दसऱ्याला निवड होती. पुन्हा सकाळी आठ, पुन्हा सराव न करता पहिला छर्राच मोजला जाणार होता. खंडेनवमीला सकाळी मी आंघोळ करून पाट मांडायला घेतला, तर दोघी मायलेकींनी माझ्या हातात पिशवी दिली. झेंडू आणा म्हणाल्या. झेंडू आणला, तर म्हणाल्या नारळ राहिला. नारळ आणला, तर आपट्याची पानं. दुपारी पूजेला बसलो, तेव्हा रायफलवर हळद-कुंकू लावूनही झालं होतं आणि घरातल्या सगळ्या वाट्या फडताळात कुलूपबंद होत्या. कुलपाला मी तेल घातलेलं असल्यामुळे ते छान लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी वखारीत प्राजूचा पहिला छर्रा बसला, आणि सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "जा जिल्ह्याला," एवढंच म्हणाले. मी डोळे पुसले आणि वही उघडून लिहायला बसलो. तेव्हा दिसलं की तारीख, हवा आणि नळी यांच्या पुढे प्राजूने पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना आखला आहे. वर लिहिलं होतं, 'आदल्या दिवशी पप्पा कुठे होते'. मागची पानं उलटली. गेल्या दसऱ्याच्या ओळीत त्या रकान्यात 'घरी' आणि पुढे छर्रा, शून्य. यंदाच्या ओळीत तिने माझ्यासाठी एवढंच भरून ठेवलं होतं, 'बाजारात'. पुढची जागा रिकामी होती. तिथे मी माझ्या हाताने दहा लिहिले.